पाच कट्टैचा फ्रिज

वस्तू बिघडलेली निघाली तर कंपनीला कसं वठणीवर आणायचं, ते मला विचारा! वॉरंटीचं कार्ड मी देव्हाऱ्यात, विठोबाच्या पाटाखाली ठेवतो. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मला विष्णुसहस्रनामासारखा पाठ आहे. म्हणून नवा फ्रिज आल्या आल्या बिघडला, तेव्हा मी बायकोला छाती पुढे काढून म्हणालो, "भुवनेश्वरी, तू नुसती बघत राहा!"

तिने बघितलं. बिचारीने फार बघितलं.

फ्रिज काही गार होत नव्हता, आणि गार होत नाही म्हणून त्याची मोटर थांबत नव्हती. दिवसरात्र आपलं "म्ऽऽऽऽ"! जणू पोटात एखादा भुंगा बसून अखंड नामस्मरण करतोय! सकाळी दूध ठेवावं तर दुपारी दही, संध्याकाळी ताक. तेही पोटात घातलं असतं, पण भुवनेश्वरीचं इन्सुलिन? ते शेजारच्या अलमेलू मामींच्या फ्रिजात जाऊन बसलं. रोज सकाळी छत्री घेऊन हिने मामींच्या दारात उभं राहायचं, आणि बाटलीबरोबर एक टोमणाही पदरात घ्यायचा.

"आमचा बघ हो, इतकी वर्षं झाली, हूं की चूं नाही! तुमच्या सारांनी फ्रिज घेतला की गिरणी?"

 परत येऊन ती छत्री जरा जोरात आपटायची.

मी तक्रार नोंदवली. आणि इथेच ते विघ्न आलं. त्याचं काय आहे, आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. पूर्वजांच्या तलवारी कधीच गंजून गेल्या, पण हरिकथेचं वेड पिढ्यान् पिढ्या तसंच. एकादशीला आमच्या घरी विजयलक्ष्मीबाईंची कथा ठरलेली होती, आणि कंपनीने मेकॅनिक पाठवला नेमका त्याच दिवशी, त्याच वेळेला!

"दिवस बदलून घ्या हो," भुवनेश्वरी म्हणाली.

"छे गं! चांगलंच झालं! घरभर माणसं असतील. आवाजाला साक्षीदार आयते!"

बाई आल्या त्याच रडकुंडीला येऊन. स्वामीमलैच्या बसमध्ये त्यांची सूर धरायची श्रुतिपेटी राहिली होती. श्रुतीवाचून कथा म्हणजे मिठावाचून सांबार! बाई कपाळाला हात लावून बसल्या आणि एकदम त्यांनी कान टवकारले.

"वेंकटेशराव, स्वयंपाकघरात तंबोरा कोण वाजवतंय?"

"तंबोरा नाही बाई, फ्रिज आहे आमचा. बिघडलाय."

बाई उठल्या. फ्रिजला कान लावला. डोळे मिटून "साऽऽ" लावला. लागला की हो! तंतोतंत!

"पाच कट्टै!" बाई ओरडल्या. "माझीच पट्टी, माझाच सूर! आणि म्हणे बिघडलाय!"

झालं! सतरंजी स्वयंपाकघराच्या दाराशी ओढली गेली. फ्रिजला हळदकुंकू लागलं, वर झेंडूची माळ चढली. पहिली ओवी झाली आणि सगळं घर डोलायला लागलं. मी तर टाळ घेऊन थेट फ्रिजलाच टेकून बसलो.

आख्यान होतं गजेंद्रमोक्षाचं. मगरीने हत्तीचा पाय धरलाय, हत्ती सोंड वर करून हाका मारतोय, आणि त्याच क्षणी दारात मेकॅनिक उभा! खांद्याला बॅग, नाव गुरुमूर्ति.

"सार, तक्रार कसली आहे?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"आवाज! आवाज येतो!" मी कुजबुजलो.

त्याने कान दिला. "कसला? हा श्रुतीचा?"

"अहो, तोच तर फ्रिज!"

"मग बंद करून बघतो," म्हणत त्याने प्लगकडे हात नेला मात्र, सगळी सभा खवळली!

"ए अप्पा, हात काढ!"

"श्रुती बंद करतोस? तिकडे हत्ती पाण्यात आहे!"

अलमेलू मामींनी तर त्याचं मनगटच धरलं. मगरीने तरी काय धरलं असेल! आणि मी? कथेच्या मध्ये उठणं आमच्यात पाप. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं, म्हटलं, "मोक्ष होऊ दे, मग बघू."

गुरुमूर्ति बसला. बाईंनी सांगितलं, हाक ऐकताच भगवंत कसे धावले, लक्ष्मीला सांगायलाही थांबले नाहीत, गरुडाचीही वाट पाहिली नाही. तेव्हा तो खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसत होता. मीही पुसत होतो. दाराशी उभी राहून भुवनेश्वरी आम्हा दोघांकडे पाहत होती. तिचे डोळे मात्र कोरडे होते.

आरतीपर्यंत त्याचा फोन चार वेळा वाजून गेला.

"सार, उशीर झाला, पुढचे कॉल राहिलेत. तुमच्या मोबाईलवर कोड आला असेल, तो सांगा. उद्या सकाळी येऊन नीट बघतो."

"अहो, देऊ नका!" भुवनेश्वरी आतून ओरडली. "कोड दिला की काम झालं असं धरतात ते!"

"अगं, गजेंद्रासाठी रडलेला माणूस तो! तो फसवेल?" मी म्हणालो, आणि कोड सांगितला. वर त्याला प्रसादाच्या हरभऱ्यांचं द्रोणभर सुंडलही दिलं.

तो दारातून बाहेर पडतो न पडतो तोच मेसेज आला: तुमच्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. पाच तारे देऊन आमचा उत्साह वाढवा!

दुसऱ्या दिवशी गुरुमूर्ति आला नाही. कंपनीला फोन लावला तर एक मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "तुमची तक्रारच शिल्लक नाही, सर." मी म्हणालो, पुरावा आहे! आवाजाचे व्हिडिओ पाठवले. उत्तर आलं, "गाणं छान आहे सर, पण आवाज कुठे आहे?" खरंच होतं. फ्रिजचा सूर कानी पडला की माझाही गळा सुरू व्हायचा. प्रत्येक व्हिडिओत मीच!

त्या सकाळी भुवनेश्वरी छत्री घेऊन पुन्हा मामींकडे निघाली. पायरीवर क्षणभर थांबली. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवणार. नाही ऐकवले. ऐकवले असते तर बरं झालं असतं.

शेवटी हेल्पलाइनला फोन तिनेच लावला. फ्रिजात थर्मामीटर ठेवून फोटो काढले, सोबत फाटलेल्या दुधाचे, आणि म्हणाली, "वॉरंटीत आहे, तपासलेला नाही, बदलून द्या." गाणं नाही, गजेंद्र नाही. फ्रिज बदलून आला! मला तोंडपाठ असलेला नंबर तिने कार्डावर बघून फिरवला होता.

नवा फ्रिज गार, गुणी आणि मुका. पुढच्या एकादशीला विजयलक्ष्मीबाई आल्या. नवी श्रुतिपेटी त्यांनी आणलीच नव्हती! थेट जाऊन फ्रिजला कान लावला आणि दचकल्या.

"अय्यो, वेंकटेशराव! हा बिघडला की हो! तक्रार करा, वॉरंटीत असेल!"

सभा ताटकळलेली, बाई बिनश्रुतीच्या. मला राहवेना. वाटलं, दार थोडं किलकिलं ठेवलं तर मोटर चालू राहील, सूर नाही तर निदान घुमारा तरी मिळेल! कोणी बघत नाहीसं पाहून मी दार हळूच बोटभर उघडलं.

मागून भुवनेश्वरीचा हात आला आणि दार लागलं.

 दाराच्या कप्प्यात, दुधाच्या पिशवीशेजारी, तिची इन्सुलिनची बाटली होती. ती मी पुन्हा विसरलो होतो.