जाळीदार खापरे

दिवाळीला घरी आलेला पाहुणा अनारसा खातो. अतुल खापरे तो आधी दिव्याकडे धरतात, एक डोळा मिटतात आणि आरपार बघतात. "जाळी पडली वहिनी. एक नंबर." एवढ्यावर माझी बायको मंजू आठवडाभर खूश. मी लग्न झाल्यापासून तिचे अनारसे निमूट खातोय, त्याचं कुणाला काही नाही.

खापरे नागपूरचे, मी पुण्याचा. अमेरिकेत, बॉथेल गावातल्या एका लहानशा कंपनीत आम्ही दोघं श्वासातून ओढून घ्यायच्या औषधाची पावडर बनवतो. मी ती गरम हवेत फवारून वाळवतो. बहुतेक जग तसंच करतं. खापरे छापतात. प्रिंटरमध्ये शाईच्या जागी औषधाचं द्रावण, त्यात चिमूटभर कापूर. थेंब सुटतो, वाळतो, कापूर उडून जातो आणि कणाला सगळीकडून भोकं पडतात. कण मोठा पण हलका, त्यामुळे फुप्फुसात खोल जातो. त्यांच्या खोलीला कायम आरतीनंतरचा वास असतो आणि आमची बॉस लिंडा तिथेच घुटमळते. माझ्या खोलीत ती फक्त फोनचा चार्जर मागायला येते.

खापऱ्यांना भोकांचं वेडच आहे. कॅफेटेरियातला ब्रेड, भांडी घासायचा स्पंज, कुणाचा स्वेटर, सगळं उजेडाकडे धरून बघणार. "आत जागा पाहिजे ना जी, आपटे. ठासून भरलं की संपलं." हे बोलताना ते माझ्या पोटाकडे का बघतात, कळत नाही.

या वसंतात लिंडा दोघांपैकी एकच पद्धत ठेवणार होती. आमच्याकडे खोटा घसा लावलेलं एक यंत्र आहे. ते ठरलेल्या जोराने हवा ओढतं आणि किती औषध खोलवर गेलं ते दाखवतं. त्यात माझी पावडर पुढे निघाली, कारण खापऱ्यांच्या पोकळ कणात औषधच कमी मावायचं. त्या दिवशी मला डब्यातली दुधीची भाजीसुद्धा गोड लागली.

"भोकं थोडी कमी करा की," मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो.

"नाही करणार जी. त्यापेक्षा ओढ कमी करून वीसवर टेस्ट करू."

"इतका बारीक श्वास कोण घेतं यार?"

लिंडालाही ते पटलं.

शनिवारी त्यांचा ऑफिसात विसरलेला लॅपटॉप द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. ते कुणाला घरी बोलवत नाहीत. मला खरं तर त्यांचा पडलेला चेहरा बघायचा होता.

सोफ्यावर त्यांची बायको बसली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. हातात श्वासाचा जोर मोजायचं छोटं यंत्र. तिने ओढलं, काटा जेमतेम वीसपर्यंत गेला. तो आकडा मी ओळखला. ऑफिसातलं यंत्र खापरे त्याच आकड्यावर लावायला सांगत होते.

"यांना वाटतं, मी रोज थोडी सुधारते," ती मला हसून म्हणाली.

"पुन्हा एकदा. आरामात," खापरे म्हणाले. ती ओढत होती तेवढा वेळ त्यांनी स्वतःचा श्वास धरून ठेवला होता.

सोमवारी मीच लिंडाला म्हणालो, ओढ कमी करून बघू या.

"आर यू शुअर?" तिने विचारलं.

माझी पावडर जागची हलली नाही. त्यांची थेट तळापर्यंत गेली. लिंडाने माझा प्रोजेक्ट बंद केला.

खापऱ्यांनी माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि फोन घेऊन बाहेर गेले. काचेतून ते मला दिसत होते. एक वाक्य बोलायचे आणि मग बराच वेळ फोन कानाला लावून उभे राहायचे, कारण पलीकडे तिला उत्तर पुरं करायला वेळ लागतो. मान हलवत, अजिबात घाई न करता ते ऐकत होते. खापऱ्यांचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता.