व्हर्ना टटलची चकचकीत शेगडी

"तपासणीवाल्याचा पांढरा हातमोजा माझ्या घरातून पांढराच बाहेर पडेल! बघालच तुम्ही!" कॅप्टन टटलच्या बायकोनं, व्हर्नानं, छावणीतल्या समस्त बायकांसमोर छातीठोकपणे सांगून टाकलं.

जर्मनीतल्या बाम्बेर्गच्या अमेरिकन छावणीतली ही तपासणी म्हणजे साक्षात यमाची फेरी. बदली झाली की घर सरकारला परत करायचं. मग पांढरा हातमोजा घालून सार्जंट यायचा आणि दारावरून, पलंगाखालून, शेगडीच्या पोटातून बोट फिरवायचा. बोट काळं झालं की घर नापास, आणि घर नापास की मायदेशी जाणारं जहाज हुकलं! महायुद्ध जिंकून आलेले वीर त्या एका बोटापुढे चळाचळा कापत.

नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आला होता आणि व्हर्नाला ते जहाज हवंच होतं. भुकटीचं दूध पिऊन ती विटली होती. आयोवाला आईच्या ओसरीवर बसून गाईचं दूध कधी पिते, असं तिला झालं होतं. अडचण एवढीच, की आल्यापासून तिनं शेगडीच्या ओव्हनमध्ये टर्क्या भाजल्या त्या भाजल्या, आत फडकं म्हणून कधी घातलं नव्हतं. मोलकरीण फ्राऊ क्रुमनं एकदा आत डोकावून पाहिलं आणि त्याच दिवशी काम सोडलं!

"घासत कोण बसतंय?" व्हर्ना नवऱ्याला म्हणाली. "खालच्या लोइसची शेगडी कोरी करकरीत आहे. ती बया नुसते डबे फोडून जेवते. तिची वर आणू, आपली खाली ठेवू."

"अगं, पण ती शेगडी तिची आहे," ऑर्व्हिल म्हणाला.

"तिची कसली? सरकारची! सगळ्या घरांत सारखीच. आणि तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर रुपेरी पट्टी एक, तुझ्या खांद्यावर दोन. पुढं बोलायचंय काही?"

ऑर्व्हिल टोपी उचलून हमाल शोधायला निघाला. त्याच्या खांद्यावरच्या दोन्ही पट्ट्या घरात व्हर्नाच वापरायची.

लोइस ही लेफ्टनंट पेटिटची नवी नवरी. आल्या दिवसापासून माहेरच्या, कॅन्ससच्या आठवणीनं रडत होती. कॅप्टनच्या बायकोला 'नाही' कसं म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. "बरं, बाई," एवढंच ती म्हणाली. दोन जर्मन हमालांनी सिगारेटच्या पाकिटांच्या मोबदल्यात शेगड्यांची अदलाबदल करून दिली. "तपासणी झाली की लगेच परत हं!" असं म्हणून व्हर्ना वर गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सार्जंटबरोबर खुद्द कर्नल हॅस्केल दारात! हायडेलबर्गच्या मुख्यालयातून जनरलसाहेब पाहणीला येणार होते, म्हणून कर्नलला स्वच्छतेचा झटका आला होता. सार्जंटनं ओव्हनमध्ये हात घातला. हातमोजा पांढराशुभ्र!

"वा! टर्की भाजत नाही वाटतं तुम्ही?" कर्नलनं विचारलं.

"दर रविवारी, साहेब!" व्हर्ना फुशारली. इथं थांबली असती तर निभावलं असतं. पण कौतुक झालं की तिची जीभ सैल सुटायची. "बाईच्या अंगी वळण असावं लागतं, साहेब. या नव्या पोरींना कुठलं आलंय? खालच्या घरात जाऊन बघा एकदा!"

"चला, बघूच!" कर्नल म्हणाला.

व्हर्ना अडवायला पुढं धावली. पण कर्नल जिना उतरलासुद्धा! खाली सार्जंटनं ओव्हनमध्ये हात घातला आणि तो कोपरापर्यंत काळा होऊनच बाहेर आला. लोइसनं व्हर्नाकडे पाहिलं. मागोमाग आलेल्या ऑर्व्हिलनंही पाहिलं. 'साहेब, ही शेगडी माझी,' एवढंच व्हर्नानं म्हणायचं होतं. पण मग संध्याकाळपर्यंत सगळ्या छावणीत बोभाटा! व्हर्नानं ओठ घट्ट मिटले.

"ही गलिच्छ माणसं जनरलच्या नजरेला पडता कामा नयेत!" कर्नल गरजला. "पेटिटची बदली मायदेशी! याच जहाजानं! आणि टटल, तुझी बदली रद्द. घरांची सगळी व्यवस्था यापुढं तुझ्याकडे. अशी गृहिणी मी सोडतो होय!"

जहाजात टटलांसाठी राखलेली खोली पेटिटांना मिळाली. निघताना लोइसनं बंदराला जाणाऱ्या बसमधून उतरून व्हर्नाला कडकडून मिठी मारली. "बाई, तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत!" बिचारी अगदी मनापासून बोलत होती.

बस गेली. ऑर्व्हिलनं खिशातून सिगारेट काढली.

"खरं सांगून टाकलं असतंस तर?"

"आणि अख्ख्या पलटणीत घाणेरडी म्हणून नाव करून घेतलं असतं? अब्रू म्हणून काही चीज आहे की नाही?"

"आहे ना. कर्नलसाहेबांच्या बाईसाहेबांनाही तुझं कौतुक कळलंय. उद्यापासून सगळ्या बायकांना त्या तुझ्याकडे पाठवणार आहेत."

"कशाला?"

"शेगडी घासायला शिकायला!"