सलीमचाचांची भरती-ओहोटी

पाटोद्यापासून समुद्र दिवसभराच्या प्रवासावर आहे. तरी या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रोज दोनदा भरती यायची. ती सलीमचाचा आणायचे.

चाचा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. एकुलत्या एक लेकीला, नसरीनला, भेटायला ते कोकणात गेले आणि परतताना तिथल्या खडकावरच्या चार गोगलगायी, एक शेवाळलेला दगड आणि कॅनभर समुद्राचं पाणी घेऊन आले. गोगलगायी बोराएवढ्या, करड्या शंखाच्या. मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढ्याच गुन्ह्यावरून चाचांनी मला गोगलगायींचा डॉक्टर नेमलं.

मी एकदा बोलून गेलो, की हा जीव भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात राहतो. सारखं पाणीही नको, सारखं कोरडंही नको. झालं! चाचा सकाळ-संध्याकाळ टबात पाणी ओतायचे, सहा तासांनी काढायचे. गिऱ्हाईक मोटार घेऊन ताटकळलं तरी, "थांब बे, ओहोटी हाय!"

एका दुपारी ते धापा टाकत घरी आले. "सर, चौघींनी दारं लावून घेतली! दोन दिस झाले, दगड चाटंनात, हालंनात. मेल्या का रुसल्या?"

जाऊन पाहिलं. प्रत्येक शंखाच्या तोंडावर झाकण गच्च.

"कोरडं पडलं, तापलं की असंच करतात, चाचा. आत घोटभर पाणी धरून बसतात. काही दिवस निघतात तशात."

"आन् बाहीरून कसं कळावं, आत बरं हाय का न्हाई?"

मी टबात बोट घालून पाहिलं. टब कोमट झाला होता, कॅन तळाला आला होता.

"मिठाचं पानी करू का?"

"नको, मरतील. परत नेऊन सोडा."

चाचा टबाशेजारी बसले. "नसरीन बी फोनवर 'बरी हाय अब्बा' म्हनती अन् ठिवून देती. पयले तास तास बोलायची. पर आत्ताच जाऊन आलो ना. सासरचे म्हनतील, बाप पुन्हा कशाला आला? सर, तुमी एक चिठ्ठी द्या. सायन्सची."

मी वहीचं पान फाडलं. 'ज्याने उचलल्या त्यानेच त्याच खडकावर सोडाव्यात. नंतर आठ दिवस तिथे राहून निगराणी ठेवावी.' खाली सही केली.

चाचांनी दोनदा वाचलं. "पंधरा लिवलं तर चुकंल का?"

मी आठ खोडून पंधरा केले.

चाचांना जाऊन आज सतरावा दिवस. सकाळी फोन आला. "सर, गोगलगायी चालाय लागल्या. नसरीन अजून लई बोलत न्हाई. पर सांजंला खडकावर बाजूला येऊन बसती."