पेजोचं ताठ शेपूट

मान खाली घालायची रीत आमच्या घराण्यात नाही. माणसांना नाही आणि गाडीलाही नाही. म्हणून तर आमच्या तीस वर्षं जुन्या पेजो गाडीच्या मागच्या स्प्रिंगा मी बदलायला काढल्या.

त्याचं असं झालं. माझ्या धाकट्याची, मुगवेरूची, सोयरीक बोलायला आम्ही पहिल्यांदा न्यावीराच्या घरी गेलो, तेव्हा चढणीवर गाडीचं बूड टेकलं. धुराची नळी फाटकापर्यंत रस्ता खरवडत आली. फाटकात मुलीची आत्या वाम्बुरा उभीच होती.

"विहीणबाई, गाडी दमली वाटतं. बसायला स्टूल आणू का तिला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गिथिंजी मिस्त्रीच्या दारात.

"मावशी, त्या दिवशी मागे माल किती होता?"

"माल कसला? पेज भरलेला भोपळ्याचा एक तुंबा आणि मी."

मिस्त्री गप्प झाला. मग पाना पुसत म्हणाला, "स्प्रिंगा तशा चांगल्याच आहेत..."

"मग काय मी वाईट आहे? पिकअपच्या घाल. सगळ्यात जाड."

"मागून उंच दिसेल हो गाडी."

"दिसू दे. कोंबडा शेपूट वर करून चालतो, त्याला कोण हसतं?"

मुलीच्या घरी आहेर न्यायचा दिवस आला. मागे पिठाची चार पोती, साखरेचं एक, केळीचे घड, सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट. मागे मुंगीला जागा नव्हती, तिथे मला कुठून! मी पुढे बसले. नणंद गथोनी पोत्यांच्या फटीत शिरली. गाडी चढण चढली ती थेट हरणासारखी, बूड आभाळाकडे. मला काय अभिमान वाटला म्हणता!

फाटक रीतीप्रमाणे बंद, आहेर पटला तरच उघडायचं. आतून बायकांचं गाणं जोरात चाललेलं. गाडी दिसली आणि गाणं अर्ध्यावर तुटलं.

वाम्बुरा म्हणाली, "विहीणबाई, काय आणलंत? वारा?"

आता तिला दोष कसा देऊ? सोयऱ्यांची गाडी मागून जितकी वाकलेली, तितका आहेर मोठा, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. थोरल्या लेकीच्या वेळी अशीच एक ताठ बुडाची गाडी मी स्वतः तासभर उन्हात उभी केली होती.

"आई, मागचं दार उघडून दाखवू का?" मुगवेरू म्हणाला.

"फाटकाबाहेर आहेर उघडायला आपण बाजारात बसलोय का रे?"

आतून एक म्हातारा ओरडला, "ऊन डोक्यावर आलं, वेळ टळली. आजचं राहू द्या, पुढच्या वर्षी बघू."

खिडकीत न्यावीरा डोळे पुसत होती. मुगवेरूचं तोंड उकडलेल्या रताळ्यासारखं झालं. एक वर्ष! तेवढ्यात मुलगी दुसरीकडे जाते.

गथोनी पोत्यांवर दोनदा उड्या मारून आली. गाडी हलली नाही.

मुगवेरू हळूच म्हणाला, "आई, रागावू नकोस. तू जरा मागे बसतेस?"

मी रागावले. पण बसले. बाजूच्या दाराने आत शिरले, सोड्याचा क्रेट मांडीवर घेतला आणि पोत्यांच्या कडेवर टेकले.

कर्रर्र करत गाडीचं बूड खाली गेलं. धुराची नळी मातीत रुतली. आत बायकांनी आनंदाची आरोळी ठोकली आणि फाटक सताड उघडलं.

"भरून आलेत गं!" वाम्बुरा नाचत पुढे आली.

न्यावीरा आता माझी सून आहे, गुणाची आहे, तिच्या हातचा मुकिमो, म्हणजे मका-बटाट्याचा घोटा, माझ्यापेक्षा बरा होतो, हे मी तिला सांगत नाही. स्प्रिंगाही छान आहेत. फक्त गिथिंजी मिस्त्री त्या दिवशी एकदम गप्प का झाला होता, ते मला फाटकात, क्रेट मांडीवर घेऊन बसल्यावर कळलं.