चोवीस इंची बाई

आमच्या सोसायटीत पार्किंगची जागा गाडीच्या रिमच्या आकारावरून द्यावी, असा ठराव मार्चमध्ये एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात मीही होतो. कुणाचा विरोध आहे का, असे विचारले तेव्हा मी चष्मा पुसत होतो.

सोसायटी बोईसरजवळच्या सरावलीची. बहुतेकांकडे छोट्या एसयूव्ही, त्याही पांढऱ्या. त्यामुळे कोण मोठा हे कळत नसे. अध्यक्ष नागोराव, औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर, यांनी नियम केला : ‘ज्या चारचाकी वाहनाची रिम मोठी, त्यास जिन्याजवळची जागा.’

महिन्याभरात बोईसरच्या टायरवाल्यांकडे रांगा लागल्या. सतराचे अठरा झाले, अठराचे एकोणीस. नागोरावांनी वीस बसवली. तेव्हापासून त्यांचा टायर मडगार्डला घासतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळत नाही. ते कामावर रिक्षाने जातात. गाडी जागेवर असते.

माझी रिम पंधरा इंची, लोखंडी. मला पाण्याच्या टाकीमागची शेवटची जागा मिळाली. आमचे घर तळमजल्यावर, जिन्यालगत. पत्नी साखरबाई हिच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले. दर सोमवारी तिला व्यायामासाठी पालघरला न्यावे लागते. जिन्यापाशी इतरांच्या गाड्या, म्हणून तिलाच टाकीपर्यंत न्यावे लागे, आणि तिथवरच्या फरश्या उखडलेल्या. व्हीलचेअर दोनदा अडकली. तिसऱ्यांदा साखरबाई पडली, तेव्हा मी अर्ज केला.

“काका, मला वाईट वाटतं,” नागोराव म्हणाले, “पण तुम्ही पंधरा इंची.”

“स्टीअरिंग मोजलं तर? माझं बरंच मोठं आहे.”

“स्टीअरिंगचं उलट असतं. ते जेवढं लहान, तेवढा माणूस मोठा.”

मला ते पटले. मला सहसा पटते.

नवापूरची मासळीवाली जमना आमच्या दारात बोंबील देत होती. तिने मान वर केली.

“काका, बायच्या खुर्चीला चाकां किती हायत?”

“चार.”

“मंग मोजा की. खुर्ची चालत नाय, असा लिवलाय का कुठं?”

मागच्या चाकाची रिम चोवीस इंच भरली. समितीने तीनदा मोजली. नियमात इंजिनाचा उल्लेख नव्हता. पहिल्या जागेवर पिवळ्या रंगात ‘२४’ लिहिले गेले आणि दोन सोमवार मी गाडी त्या जागेत, जिन्यापाशी आणून साखरबाईला सुखरूप बसवले.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही जिंकलात की.”

तिसऱ्या सोमवारी आवारात तेवीस नव्या व्हीलचेअर उभ्या होत्या. आजारी कोणीच नव्हते. नागोरावांनी त्यांच्या खुर्चीला सायकलची अठ्ठावीस इंची चाके बसवून घेतली होती. बाकीच्यांचीही सव्वीसच्या खाली नव्हती. साखरबाईची खुर्ची टाकीमागे गेली. पांढऱ्या गाड्यांना आत जागा उरली नाही, म्हणून त्या फाटकाबाहेर वाट अडवून लागल्या, आणि माझी गाडी आतच अडकली. त्या सोमवारी आम्ही पालघरला गेलो नाही. पुढच्याही नाही.

काल नागोराव आपल्या खुर्चीच्या चाकांच्या तारा पुसत होते. आपुलकीने म्हणाले, “चोवीस इंची बाईंची तब्येत काय म्हणते?”

“तिचं नाव साखरबाई आहे,” मी म्हणालो. बहुधा मनातल्या मनात.

तुम्हाला हसू आले असेल तर माझी हरकत नाही. तुमच्या रिमचा आकडाही मी विचारत नाही. तो तुम्हाला पाठ असणार. तुमच्या तळमजल्यावर कोण राहते, त्यांचे नाव तेवढे सांगा.