कुंडलिक सरांची वाटणी

कुंडलिक सरांकडे दोघं मिळून भजी खायला गेले, की एकाचं पोट भरायचं आणि दुसऱ्याचं डोकं तापायचं. सर एकापुढे भज्यांनी भरलेलं ताट ठेवत, दुसऱ्यापुढे छोटी बशी. "हात लावू नका. आधी नियम ऐका," म्हणत. "आपापल्या भांड्यातली सत्तर टक्के आपापली. उरलेली तीस टक्के मिळून खायची. बराबर हाय का वाटणी?"

बशीवाला चिडला की सर खूश. "मग? आपल्या पोरांचं हेच चालू हाय."

त्या वेळी सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या जागांची वाटणी अशीच होती. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, उरलेल्या साऱ्या राज्याला. कॉलेजं मुंबई-पुण्याकडे भरपूर, मराठवाड्यात मोजकी. परभणीत जन्मभर भूगोल शिकवलेल्या सरांना हे एवढं लागलं होतं, की ते पाहुण्यालाही तालुका विचारून बसवत. पालमसारख्या आडबाजूच्या तालुक्याचा माणूस दिसला की मोठं ताट त्याला. व्याख्यान संपेपर्यंत भजी गार होत. मी शेजारी, कॉलेजात ग्रंथपाल. मला कायम बशी. "तुमी वाचणारे. तुमाला भूक सहन होती."

पुढे तो नियम रद्द झाला. सरांनी गल्लीत पेढ्यांचा पुडा फिरवला, आणि कोण किती उचलतंय हे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं नाही.

रेणू त्यांची एकुलती मुलगी. आई लवकर गेलेली. तिच्या वेण्या सरांनीच घातल्या. भांग रेखावृत्तासारखा सरळ. तिला मुंबईचं सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क पडले. तोवर परभणीतही सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं होतं. आता पसंतीक्रम भरायचा होता. आधी मुंबई टाकायची की परभणी? ती म्हणाली, बाबा सांगतील ते.

त्या दुपारी सर माझ्याकडे आले आणि दार लोटून घेतलं. "एक काम करा. तिला म्हणा, इथलंच घे. घरून जाता येतं, बापाकडं लक्ष राहतं. माझ्या तोंडून निघंना झालंय. मुंबईचं दार उघडा म्हणून मीच लय बोंबललो."

मी गेलो. परभणी काय वाईट आहे, सर एकटे पडतील, एवढंच म्हणालो, तर सर खुर्चीतून उठलेच.

"मी एकटा पडतो का न्हाई, हे तुमी ठरवणार? पुस्तकं सांभाळा तुमची. दार उघडलंय, आन् पोरगी उंबऱ्यावर बसंल व्हय? रेणू, मुंबई टाक पहिली."

मी घरी आलो. संध्याकाळी सर दोन घरांमधल्या भिंतीपाशी येऊन उभे राहिले. राग आला का, विचारलं. मी नाही म्हणालो.

"मुंबईचं नाव काढलं की तिचं तोंड कसं व्हायलंय, बघितलं ना तुमी? मग जमलं न्हाई मला. पण तिला कळू देऊ नका."

ती गेली. सर पेपरात आधी मुंबईचं हवामान वाचू लागले. तिकडे ऊन वाढलं की इकडे यांचा जीव कासावीस.

गेल्या महिन्यात सर गेले. दिवसकार्य आटोपून रेणू परत निघाली, तेव्हा पाया पडायला आमच्याकडे आली. थोडी घुटमळली.

"काका, खरं सांगते, तेव्हा तुमचा फार राग आला होता. बाबा एकदाही राहा म्हणाले नाहीत. तुम्हीच तेवढे मला अडवायला आला होतात."

"हो," मी म्हणालो. "मला वाटत होतं, तू राहावंस."