शपथेवरचं आवतन

निवडणूक होऊन महिना लोटला, भाऊ म्हणून ओळखले जाणारे पुढारी आमदार झाले, त्यांचे फलकही उन्हाने फिके पडायला लागले, पण शिवानंद कलशेट्टीचा राग काही उतरेना. अक्कलकोट रोडवर त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान. तो मोटारी विकायचा आणि त्याचे वीस वर्षांचे भागीदार बाशूभाई जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. प्रचारात भाऊंनी नेमकं या दुकानासमोरच स्टेज घातलं आणि माइकवरून सांगितलं की, कुणाच्या हातचं घेताय ते आधी बघा आणि मग घ्या. बाशूभाई तेव्हा दारातच तांब्याची तार गुंडाळत बसले होते. त्यांचे वेढे चुकले आणि सगळी तार सोडून पहिल्यापासून गुंडाळावी लागली.

शिवानंदचा राग भाऊंवर कमी आणि त्यांना मत देणाऱ्यांवर जास्त होता. बोलणारा बोलून जातो, पण बटन दाबणाऱ्याने डोकं कुठं ठेवलं होतं, असं त्याचं म्हणणं. त्यांच्या केंद्रावर भाऊंना सहाशे बारा मतं पडली होती. शिवानंदने गिऱ्हाईक, शेजारी, पाहुणे अशा सगळ्यांकडे चौकशी केली. कुणीच दिलं नव्हतं. त्याच्या चौकशीप्रमाणे भाऊंना फार तर अकरा मतं पडायला हवी होती.

अशात येळ अमावस्या आली. त्या दिवशी शेतकऱ्याचं घर शेतात जेवतं आणि ज्यांना शेत नाही ते शहरातले लोक कुणाचं आवतन येतंय याची वाट बघतात. वळसंगजवळच्या शिवानंदच्या शेतात दरवर्षी चाळीस माणसं जेवत. त्याची बायको सिद्धेश्वरी हिच्या हातची पालेभाज्या-दाण्यांची भज्जी आणि ताकातली आंबील ज्याने एकदा खाल्ली तो पुढच्या वर्षी आजारी असला तरी यायचा.

"औंदा एक नेम केलाय," शिवानंदने जाहीर केलं. "त्याला मत दिलेलं मानूस माज्या शेतात जेवनार न्हाय."

"आनि वळखनार कसं?" सिद्धेश्वरीने विचारलं. "कपाळावर लिवलंय व्हय?"

शिवानंदला युक्ती तिथेच सुचली. कपाळावर लिहिलेलं नसलं तरी लिहून घेता येत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने देवघरातली विभूतीची गट्टी, म्हणजे भस्माची वडी, खिशात घातली, स्कूटर काढली आणि घरोघर आवतन द्यायला निघाला. विभूतीचे तीन पट्टे ओढायचे आणि 'मी भाऊंना मत दिलं नाही' अशी शपथ घ्यायची, मगच आवतन. विभूती लावून आपल्यातलं माणूस खोटं बोलणार नाही, याची त्याला खात्री होती. आयुष्यभर दुकान चालवूनही त्याचा माणसांवर एवढा विश्वास शिल्लक होता, हे कौतुकाचंच म्हणायला हवं.

पहिलं घर निवृत्त मुख्याध्यापिका प्रियदर्शनी बाईंचं. या बाई भाऊंच्या विरोधात उन्हातान्हात घरोघर फिरल्या होत्या. शपथेचं ऐकून त्यांनी, तुम्हाला माझा एवढाच भरवसा का, असं विचारलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या घरच्या म्हाताऱ्याने विभूती देवासाठी असते की इलेक्शनसाठी, यावर अर्धा तास ऐकवलं आणि वर चहाही दिला नाही. दुपारपर्यंत अशी बावीस माणसं रुसली. उलट ज्यांच्या गाड्यांवर परवापर्यंत भाऊंचा फोटो होता, त्यांनी भज्जीचं नाव ऐकताच टोपी काढून कपाळ पुढे केलं. एकाने तर बायकोच्या वतीनेही शपथ घेतो म्हणून सांगितलं. असे अठरा जण पास झाले.

शेवटी शिवानंद श्रीशैलकडे गेला. श्रीशैल हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आणि शेतंही बांधाला बांध लागून. येळ अमावस्येला दोघं मिळून बांधावर कडब्याची एकच कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारायचे, पूजा तिच्यातच व्हायची. श्रीशैलने गट्टीकडे बघितलं.

"खिशात घाल ते," तो म्हणाला.

"म्हंजे दिलंस तू त्याला?"

"म्हंजे खिशात घाल."

शिवानंद नेहमीसारखं तिथं न जेवताच घरी आला. ही सगळी हकिगत बाशूभाईंच्या कानावर गेली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अण्णा, मेरे नाम पे ये क्या लगाया? मला विचारलं का कुणी?" शिवानंदने त्यांना सांगितलं की तुम्ही गप बसा, ही लढाई माझी आहे. बाशूभाईंनी पुन्हा तार गुंडाळायला घेतली.

अमावस्येच्या सकाळी बांधाच्या दोन बाजूंना दोन कोपी उभ्या राहिल्या. कडब्याची पेंढी धरायला समोर श्रीशैल नाही, हे शिवानंदला फार लागलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याची कोप वाकडी झाली. अठरा पाहुणे मात्र विभूतीचे पट्टे ओढून वेळेवर हजर होते. बाशूभाईंचा पत्ता नव्हता. पूजा झाली, आंबील शेतभर शिंपडून झाली, पंगत बसली आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजले. नवे आमदार भाऊ शेताशेतांतून शुभेच्छा देत फिरत होते.

अठराही जण ताटावरून उठले. उष्ट्या हातांनी, हरभऱ्यातून, जवळच्या वाटेने ते रस्त्याकडे धावले. "भाऊ, आमच्या गल्लीतनं एकेचाळीस!" एक ओरडला. ज्याने बायकोच्या वतीने शपथ घेतली होती, त्याने आता दोन्ही मतं मोजून दाखवली. शिवानंद हातात भज्जीची पळी धरून अठरा रिकाम्या जागांकडे बघत राहिला.

सिद्धेश्वरी शांतपणे म्हणाली, "चाळीस जनांचं केलंय मी. तुमच्या शपतांवर माजा भरवसा नव्हता. जावा, बांध वलांडा."

शिवानंद गेला. श्रीशैलच्या कोपीपुढे बावीसच्या बावीस रुसलेली माणसं बसली होती. मधे प्रियदर्शनी बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी बाशूभाई शेंगापोळी खात होते.

"जेवाया चला," शिवानंद खाली मान घालून म्हणाला. "चुकलं माजं."

"आदी ऐकून घे," श्रीशैल उठून म्हणाला. "मी दिलंय त्याला मत. पान्यासाटी दिलं. कालव्याला पानी सोडतो म्हनला. आता सांग, येऊ का नको?"

 शिवानंदने मान वर करून श्रीशैलकडे बघितलं. या माणसाला तोडायचं ठरवलं होतं, आणि भाऊंना मत देणाऱ्यांत खोटी शपथ न घेता खरं सांगणारा हाच एक निघाला होता.

"बाशूभाईला ठावं हाय?" त्याने कसंबसं विचारलं.

"मतदानाच्या दिवशीच येऊन सांगितलं मला," बाशूभाई बोट चाटत म्हणाले. "लई भांडलो आम्ही. मग त्याची मोटार जळाली, ती भरून द्यायला आठ दिवस लटकवली. भांडण माझं-त्याचं हाय अण्णा, तुम्ही मधे वकील कुठनं आले?"

"वकील आवतन द्याया आलाय," शिवानंद म्हणाला आणि त्याने श्रीशैलचा हात धरला. त्याला एकदम हलकं वाटलं. सगळी पंगत हसत बांध ओलांडून आली.

ती बसते न बसते तोच अठरा जण परतले, आणि एकटे नाही. आपलं वजन दाखवायला त्यांनी भाऊंनाच धरून आणलं होतं. सोबत दोन फोटोवाले होते. येळ अमावस्येला शेतात पाय ठेवलेल्या माणसाला आंबील न देता पाठवत नाहीत आणि दिलेली आंबील कुणी नाकारत नाही. भाऊ मांडी घालून बसले. शिवानंद उठायच्या आत बाशूभाईंनी आंबिलीचं मडकं उचललं.

"वाढू का भाऊ?" त्यांनी विचारलं. "कुनाच्या हातचं हाय ते बघून घ्या."

भाऊंनी बघितलं. मग भोवतालच्या चाळीस मतदारांकडे बघितलं, आणि पेला पुढे केला. बाशूभाईंनी काठोकाठ भरला. भाऊंनी तो रिकामा केला, फोटो निघाले. बाशूभाईंनी दुसरा भरला. तोही गेला. तिसऱ्या वेळी पेला भाऊंनी आपण होऊन पुढे केला, कारण आंबील खरोखरच सिद्धेश्वरीच्या हातची होती. अठरा जणांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना, तेव्हा प्रियदर्शनी बाईंनी सुरुवात करून दिली.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. भाऊंच्या ऑफिसातून फोन आला की मोबाइलवर तो फार पुढे पाठवू नका. शिवानंदने तो फ्रेम करून दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, भाऊंनी स्टेज घातलं होतं त्या चौकाकडे तोंड करून लावला. संध्याकाळी श्रीशैल आला आणि कमरेवर हात ठेवून फोटोसमोर उभा राहिला.

"मी मत दिलं म्हनून निवडून आला," तो म्हणाला, "आनि निवडून आला म्हनूनच बाशूभाईच्या हातची आंबील प्याला का न्हाय? आता बोल."

शिवानंदने तोंड उघडलं. दहा उत्तरं त्याच्या जिभेवर आली. पण बाशूभाई तारेचं रीळ खाली ठेवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. तेव्हा त्याने शेजारच्या चहाच्या टपरीकडे वळून तीन बोटं वर केली आणि श्रीशैलला बसायला स्टूल पुढे ओढलं.